श्वासाच्या यंत्रालाही हवी रोजची आंघोळ

झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारावर सीपॅप यंत्र हा खात्रीचा उपाय मानला जातो. पण यंत्र सुरू झाले की नाक चोंदते, डोके जड होते आणि महिन्याभरातच ते कपाटात जाते. खरे तर बऱ्याचदा दोष यंत्राचा नसतो. तो असतो कोरड्या हवेचा, सैल मास्कचा आणि न धुतलेल्या नळीचा.

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. शेजारून ओळखीचे घोरणे ऐकू येते आणि ती दचकून जागी होते.

"अहो, मशीन काढून ठेवलंत की काय?"

"अगं, नाक पार चोंदलंय. त्या हवेनं सायनस झालाय मला. आजच्या दिवस राहू दे."

या 'आजच्या दिवसा'चे आठ दिवस होतात, आठाचे पंधरा. मग एके दिवशी यंत्र, नळी, मास्क सगळे पिशवीत भरून कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. घोरणे पुन्हा पूर्वीसारखे सुरू होते. घोरण्याचे एक वेळ चालेल, पण घोरता घोरता आवाज एकाएकी थांबतो. खोलीत शांतता पसरते आणि शेजारी जागी असलेली बायको पुढच्या श्वासाची वाट पाहत पडून राहते.

सीपॅप यंत्र घरी आलेल्या अनेक कुटुंबांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. यंत्रासाठी मोठी रक्कम मोजलेली असते, तपासणीसाठी अंगभर वायरी लावून एक रात्र काढलेली असते, आणि हे सारे वाया जाते ते चोंदलेल्या नाकापायी. नाकाची ही तक्रार खोटी नसते, पण ती बहुतेक वेळा दूर करता येते. त्यासाठी नाक आणि यंत्र या दोघांचा स्वभाव थोडा समजून घ्यायला हवा.

यंत्र नेमके करते काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैलावतात की श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बंद पडते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबला, तर त्याला डॉक्टर 'ॲपनिया' म्हणतात. तासाला असे पाचपेक्षा कमी अडथळे असले तर काळजीचे कारण सहसा नसते. ३० किंवा अधिक असतील तर विकार तीव्र मानला जातो. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा श्वासाला अडथळा! रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणसाला मात्र सकाळी यातले काहीच आठवत नाही. आठवते ती फक्त दिवसभराची पेंग. उपचार न केलेल्या अशा विकाराचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि गाडी चालवताना डुलकी लागून होणाऱ्या अपघातांशी आहे.

पूर्वी तीव्र विकारावर मुख्य उपाय एकच होता, गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवणे. १९८० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी वेगळी कल्पना राबवली. नाकावर मास्क बसवून त्यातून हलक्या दाबाने हवा सोडली, तर ती हवाच घशाची वाट आतून उघडी धरील, असा त्यांचा विचार होता. पाच रुग्णांवरील त्यांचा अनुभव १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या यंत्रांत धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर वापरलेली असे आणि त्यांचा आवाजही मोठा होता. आजचे यंत्र उशाशी ठेवलेल्या छोट्या डब्याएवढे असते, पण तत्त्व तेच आहे. यंत्र खोलीतलीच हवा घेते, गाळते आणि ठरवून दिलेल्या दाबाने नळीतून नाकात सोडते. ते वेगळा ऑक्सिजन देत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

'सायनस झाला' म्हणजे काय झाले?

आपल्याकडे डोके दुखले, नाक चोंदले की 'सायनस झाला' असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक सायनस होत नाही, तो सगळ्यांना असतोच. कवटीच्या हाडांमधील हवेच्या पोकळ्यांना सायनस म्हणतात. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पाठीमागे खोलवर अशा या चार जोड्या आहेत. त्यांची तोंडे नाकात उघडतात. नाकाचे अस्तर सुजले की ही तोंडे बंद होतात, आतला स्राव साचतो आणि चेहरा जड वाटू लागतो. त्यात जंतुसंसर्ग झाला तर दुखणे आणि ताप येऊ शकतो.

यंत्र लावणाऱ्यांपैकी पुष्कळांना होणारा त्रास मात्र संसर्गाचा नसतो, तर नाकाच्या अस्तराला आलेल्या सुजेचा असतो. ती का येते, ते पाहू.

नाक दिवसाकाठी दहा हजार लिटरच्या आसपास हवा गाळते, ऊबदार करते आणि ओलसर करून फुप्फुसाकडे पाठवते. श्वास सोडताना त्या हवेतला काही ओलावा नाक परत मिळवते. देणेघेणे असे बरोबरीत चालते. यंत्र लावल्यावर तोंड मिटलेले असेल तर हा हिशेब फारसा बिघडत नाही. पण झोपेत तोंड उघडले की नाकातून आत येणारी हवा सरळ तोंडावाटे बाहेर पडते. एकाच दिशेने हवेचा झोत रात्रभर वाहत राहतो. नाक ओलावा देतच राहते, परत काही मिळत नाही. अस्तर कोरडे पडते, चुरचुरते आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुजते. नाक चोंदले म्हणून तोंड अधिक उघडते आणि तोंड उघडे म्हणून नाक अधिक चोंदते. सकाळी उठल्यावर घसा कोरडा आणि जीभ टाळ्याला चिकटलेली असेल, तर हेच चक्र सुरू आहे असे समजावे.

उपाय या चक्राच्या प्रत्येक टप्प्यावर आहेत. हवा गरम आणि ओलसर करणारा ह्युमिडिफायर अनेक यंत्रांना जोडलेला असतो, पण कित्येक जण तो बंदच ठेवतात किंवा त्यात पाणी भरायचा कंटाळा करतात. तो सुरू करून ओलावा एकेक पायरीने वाढवून पाहावा. तरीही तोंड उघडेच राहत असेल तर हनुवटीला आधार देणारा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. मास्क सैल असेल तरी हवा निसटते. मात्र म्हणून पट्टे करकचून आवळू नयेत. मास्कचे माप चुकले असेल तर माप बदलावे. हवेचा दाब आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. तो तपासणीनंतर ठरवलेला असतो, त्यात बदल डॉक्टरांनीच करावा.

नागपूर-इंदूरची कोरडी थंडी असो की वातानुकूलित खोली, हवा कोरडी असली की ओलावा जास्त लागतो. उलट खोली फार गार असेल तर नळीतली ऊबदार वाफ थंड होऊन पाणी साचते आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडतात. अशा वेळी नळीवर कापडी वेष्टन चढवावे, नळी पांघरुणाखालून घ्यावी किंवा ओलावा एक पायरी कमी करावा. यंत्र नेहमी उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावे, म्हणजे पाणी नाकाकडे न येता परत डब्यात जाईल.

पाणी कोणते भरावे?

ह्युमिडिफायरच्या डब्यात डिस्टिल्ड वॉटर भरावे, असे बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेले असते. याचे मुख्य कारण क्षार. नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी रोज तापवले की गीझरमध्ये किंवा चहाच्या पातेल्यात बसतो तसा पांढरा थर डब्यात बसतो. त्या खरखरीत थरात घाण आणि जंतू सहज घर करतात.

घराघरांत यावर बऱ्याच युक्त्या चालतात. उकळून गार केलेल्या पाण्यातले जंतू मरतात, पण क्षार तसेच राहतात. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण ते निर्जंतुक असेलच असे नाही. डिस्टिल्ड वॉटर संपले तर एखाद्या रात्री उकळून गार केलेले पाणी चालवून घेता येईल, मात्र त्याची सवय करू नये. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी 'वाफेचेच तर आहे' म्हणून बाटलीत धरून ठेवणारेही असतात. ते पाणी यंत्राच्या आतल्या धुळीवरून आणि बुरशीवरून वाहत आलेले असते. ते मुळीच वापरू नये. गाडीच्या बॅटरीसाठी मिळणारे पाणीही टाळावे. त्यातले क्षार काढलेले असले तरी ते श्वासासाठी बनवलेले नसते. औषधाच्या दुकानात किंवा वैद्यकीय साहित्याच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मागावे आणि कॅन उघडल्यावर झाकण घट्ट लावून ठेवावे.

आणखी एक मोह म्हणजे पाण्यात निलगिरीचे तेल, कापूर किंवा बाम टाकण्याचा. सर्दीत वाफ घेताना आपण हे करतो, म्हणून यंत्रातही करावेसे वाटते. पण हे पदार्थ रात्रभर दाबाने नाकात आणि फुप्फुसात जातील आणि यंत्राचे प्लास्टिकही खराब करतील. डब्यात पाण्याखेरीज काहीही घालू नये.

साबण, कोमट पाणी आणि सावली

ऊब आणि ओलावा जिथे एकत्र येतात तिथे बुरशी आणि जंतू वाढायला वेळ लागत नाही. त्यात मास्कवर चेहऱ्याचे तेल, घाम आणि लाळ असतेच. न धुतलेल्या यंत्रामुळे प्रत्येकालाच संसर्ग होतो असे नाही. पण ज्यांना धुळीची, बुरशीची ॲलर्जी आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांचे नाक अशा हवेने नक्कीच कुरकुरू लागते. शिवाय तेलकट मास्क चेहऱ्यावरून घसरतो, हवा निसटते आणि कोरडेपणाचे ते चक्र पुन्हा सुरू होते.

सफाईला लागते तरी काय? सौम्य साबण, कोमट पाणी आणि रोजची पाच मिनिटे. सुरुवातीला यंत्राचा प्लग काढावा. यंत्राचा मुख्य डबा कधीही पाण्यात बुडवू नये, तो फक्त ओलसर फडक्याने पुसावा. मास्कची नाकाला टेकणारी मऊ गादी रोज सकाळी धुवावी. डब्यातले उरलेले पाणी रोज ओतून टाकावे. कालच्या पाण्यात आजची भर घालू नये. डबा विसळून उघडा वाळवावा.

आठवड्यातून एकदा मास्क, पट्टे, नळी आणि पाण्याचा डबा असे सगळे साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे. नळीत साबणपाणी भरून दोन्ही टोके धरून हलवावी आणि मग साबणाचा अंशही राहणार नाही अशी स्वच्छ पाण्याने विसळावी. दोन्ही टोके खाली लोंबतील अशी ती टॉवेलच्या दांडीवर टाकावी. कडक उन्हात वाळत घालू नये, उन्हाने प्लास्टिक आणि सिलिकॉन कडक होऊन चिरते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात नळी दिवसभरात वाळत नाही. तेव्हा ती पंख्याखाली टांगावी. नळी धुवायचा वार सुट्टीचा ठेवला तर वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

डब्यात पांढरा थर बसलाच तर पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने तो निघतो. प्रमाण आणि वेळ मात्र आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहून ठरवावी. ब्लीच, स्पिरिट, जंतुनाशक द्रव, उग्र वासाचा साबण आणि उकळते पाणी वापरू नये. त्यांचा वास नळीत राहतो आणि तोच रात्रभर हुंगावा लागतो.

ओझोन वायू किंवा अतिनील किरण सोडून सीपॅप 'आपोआप साफ' करणारी उपकरणेही विकली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये अशा उपकरणांबाबत सावधगिरीची सूचना दिली होती. नळीत उरलेला ओझोन श्वासमार्गाला त्रास देऊ शकतो आणि दमेकऱ्यांना तर अधिकच. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातून लाखो श्वसनयंत्रे परत मागवली, ती आवाज कमी करण्यासाठी बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेत मिसळण्याच्या शक्यतेमुळे. ओझोनच्या सफाईने ही झीज वाढू शकते, असेही तेव्हा सांगण्यात आले. म्हणून जुने, वापरलेले यंत्र कोणाकडून स्वस्तात मिळत असेल तर ते कोणत्या सालचे आहे आणि परत मागवलेल्यांपैकी तर नाही ना, याची खात्री करावी. आणि दुसऱ्याचा दाब लावलेले यंत्र तसेच नाकाला लावू नये.

धूळ, धूप आणि गाळणी

यंत्राच्या मागे किंवा बाजूला एक छोटी गाळणी असते. खोलीतल्या हवेची धूळ तीच अडवते. पुष्कळ घरांत ही गाळणी यंत्र घेतल्यापासून कोणी पाहिलेलीच नसते! आठवड्यातून एकदा ती काढून उजेडात पाहावी. फोमची धुण्याजोगी गाळणी असेल तर धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. पांढरी कागदासारखी असेल तर ती धुवायची नसते. काळवंडली की फेकून नवी घालावी. साधारण महिन्याला ती बदलावी लागते. घराजवळ बांधकाम चालू असेल, दिवाळीची झाडलोट झाली असेल किंवा दिल्लीसारख्या शहरातला धुरकट हिवाळा असेल, तर त्याआधीच.

यंत्र जमिनीवर किंवा पडद्याला चिकटून ठेवू नये. शेजारी डासांची कॉइल किंवा उदबत्ती जळत असेल तर तो धूर यंत्र ओढून घेते आणि गाळणीला सगळाच धूर अडवता येत नाही. मच्छरदाणी हा त्यावरचा आपला जुना उपाय इथेही कामाला येतो.

नाक धुताना सांभाळा

मिठाच्या पाण्याने नाक धुतले तर बऱ्याच जणांना आराम पडतो. जलनेती आपल्याकडे योगाभ्यासात शिकवलीही जाते. पण त्यात पाण्याची काळजी सर्वांत महत्त्वाची. पिण्यास योग्य असलेले पाणी नाकासाठी सुरक्षित असेलच असे नाही. पोटातले आम्ल जे जंतू मारते, त्यांना नाकात अडवणारे तसे काही नसते. २०११ मध्ये अमेरिकेतील लुईझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यावर 'नेग्लेरिया' या अमिबाच्या संसर्गाने दोघांचा मृत्यू झाला. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, तेव्हाही दूषित पाणी नाकात जाऊ न देण्याचा इशारा देण्यात आला. असा आजार फार विरळा आहे, पण झाला तर बहुधा जीवघेणा ठरतो. म्हणून पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे, कोमट होऊ द्यावे आणि मगच वापरावे. पाव लिटर पाण्याला सपाट अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेले मीठ पुरते. औषधाच्या दुकानात तयार पुड्याही मिळतात. नेतीपात्र दर वेळी धुऊन कोरडे करावे.

नाक पटकन मोकळे करणारे थेंब हा दुसरा मोह. पहिल्या रात्री ते जादू करतात. पण तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरले, तर थेंबांचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि बाटली सुटता सुटत नाही. ॲलर्जी किंवा सूज असेल तर डॉक्टर वेगळा फवारा देतात. त्याचा गुण दिसायला काही दिवस लागतात, तेवढा धीर धरावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

साध्या सर्दीत यंत्र बंद करण्याची गरज सहसा नसते. मात्र त्या दिवसांत मास्क आणि डबा अधिक काळजीने धुवावा. नाक पूर्ण बंद असेल आणि श्वासच घेता येत नसेल, तर यंत्राचे काय करावे ते डॉक्टरांना फोन करून विचारावे. त्रास दहा दिवसांत कमी झाला नाही, बरे वाटून पुन्हा बळावला, ताप आला, चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखू लागले किंवा नाकातून वारंवार रक्त येऊ लागले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. नाकाचे वाकडे हाड किंवा नाकात वाढलेले मांस हेही कारण असू शकते. त्यावर उपचार झाले की यंत्र सुसह्य होते.

डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक, असह्य डोकेदुखी किंवा मान आखडणे यांपैकी काहीही दिसले तर मुळीच वेळ दवडू नये. डोक्याला मार लागला असेल, नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ स्राव गळत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र लावू नये.

पण हे करायचे कोणी?

आपल्याकडे घरात नवी वस्तू आली की ती साफ ठेवण्याचे काम बहुधा गृहिणीकडेच येते. डबे, कुकर, मिक्सरच्या रांगेत मास्क आणि नळीही जाऊन बसतात. ती आजारी पडली किंवा माहेरी गेली की सफाई थांबते, नाक चोंदते आणि यंत्र पुन्हा कपाटात जाते. म्हणून ज्याचे नाक त्याचेच काम, हा नियम चांगला. वृद्ध आईवडिलांना मदत जरूर करावी, पण हातीपायी धड असलेल्याने स्वतःचा मास्क स्वतः धुवावा. आपल्या हाताने धुताना गादीला पडलेली चीर, नळीतले छिद्र, काळवंडलेली गाळणी आपोआप नजरेस पडते.

सकाळी दात घासतानाच मास्कही धुऊन घेतला, पाणी ओतून डबा पालथा घातला आणि नळी दांडीवर टाकली, की चहा उकळेपर्यंत काम संपते. कपाटातली ती पिशवी आज खाली उतरवा. सगळे धुऊन वाळवा, नवी गाळणी घाला आणि ताजे पाणी भरा. पहिल्या काही रात्री कंटाळवाण्या जातील. नाक सरावले की झोप लागेल आणि शेजारचे माणूसही कितीतरी दिवसांनी निवांत झोपेल.